माशीला विचारायचं राहून गेलं

४ फेब्रुवारी

भिंगरे,

परवा फोनवर आपण दोघंही एकाच वेळी बोलत होतो आणि ऐकत कोणीच नव्हतं. बाबा मागून म्हणाले, "भांडायचंच असेल तर पत्र लिहून भांडा, घरात निदान शांतता राहील." म्हणून हे पत्र. शिवाय सोबत पानं पाठवायची आहेत, ती काही फोनमधून जात नाहीत.

पानं मिरचीची आहेत. यंदा आपल्या रोपवाटिकेत मिरचीचं काहीतरी भलतंच चाललंय. शेंड्याची पानं वाटीसारखी आत वळतात, मग पिवळी पडतात, आणि रोप जे बसतं ते पुन्हा उठत नाही. लोक ट्रे परत आणून गेटच्या आत ठेवून जातात. तोंडाने काही बोलत नाहीत, त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फवारण्या सगळ्या करून झाल्या. तू तिकडे त्या प्रयोगशाळेत वनस्पतींचेच विषाणू घेऊन बसलेली असतेस, तर घरच्या झाडांचंही जरा बघ. घार हिंडते आकाशी वगैरे फक्त म्हणायला नको.

एक गोष्ट बाबांच्या कानावर घालू नकोस. आपलं बी यंदा नीट उगवलं नव्हतं, म्हणून मी डिसेंबरात दुसऱ्या एका वाटिकेतून तयार ट्रे आणून आपल्यात मिसळले. बाहेरचं रोप आवारात आलेलं बाबांना खपत नाही, तुला माहीत आहे.

बाबा तसे बरे आहेत. आई गेल्यापासून सकाळचा चहा गेटपाशीच घेतात, ठिपकीच्या झाडाजवळ उभे राहून. आज कोणते ट्रे जाणार, कोण उधार मागतंय, माझं कुठे चुकलं, हे सगळं तिला सांगतात. माझं कुठे चुकलं हे जरा जास्तच सविस्तर सांगतात. मी शेडमधून ऐकत असतो.

पानं बघ आणि काय ते लवकर कळव. आणखी एक हंगाम असा गेला तर बाबांचं नाव जाईल. त्यांच्याकडे तेवढंच उरलंय.

दादा

•

१९ फेब्रुवारी

दादा,

पानं पोचली. वर्तमानपत्रात छान दाबली होतीस, लहानपणी माझी वही फाडून दाबायचास तशी.

तुमच्या मिरचीत विषाणू आहे. पांढरी माशी त्याला या झाडावरून त्या झाडावर नेते. फवारून विषाणू मरत नाही, त्यामुळे पैसे वाया घालवू नकोस. पण मिरचीची रोपं तर दोन महिन्यांत विकून संपतात. मग हा विषाणू वर्षभर राहतो कुठे? त्याला कुठेतरी घर लागतं. आवारात किंवा जवळपास असं एखादं झाड असणार, ज्याच्या पानांवर बारा महिने पिवळे डाग असतात.

मला एक झाड आठवतंय. मी नाव घेत नाही, तूच घे.

संशय आला म्हणजे झालं असं नसतं. ते सिद्ध करावं लागतं आणि माझी नोकरी तीच आहे. पानातून विषाणूचा सगळा मजकूर अक्षर न् अक्षर वाचायचा, त्याची हुबेहूब नक्कल बनवायची आणि ती एका मातीतल्या जिवाणूच्या पोटात ठेवायची. हा जिवाणू झाडाच्या पेशीत सामान पोचवण्यात पटाईत आहे, हमालच म्हण. मग सुई नसलेली सिरिंज पानाच्या पाठीला टेकवून तो आत ढकलायचा. नक्कल बरोबर जमली असेल तर झाड खरोखर आजारी पडतं. या नकलेला आम्ही संसर्गी क्लोन म्हणतो. दुसरं काहीही न मिसळता फक्त त्या एका विषाणूमुळेच रोग झाला, हे त्याच्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही.

आधी तो एका रानतंबाखूवर करून बघतात. जगभरच्या प्रयोगशाळांत हीच जात असते, कारण तिच्यात विषाणूला अडवण्याची ताकद फार कमी. कुठलाही पाहुणा आला की या बसा. आम्ही तिला होयबा म्हणतो. काचेच्या खोलीत माझ्या होयबांच्या रांगा आहेत. लग्न कधी करणार विचारणाऱ्यांना मी हाच संसार दाखवते.

बाबांना नमस्कार सांग. मी बोलवलं की फोनवर येत नाहीत. ठिपकीशी बरं बोलतात.

भिंगरी

•

८ मार्च

भिंगरे,

तू नाव घेतलं नाहीस, म्हणून मीही बरेच दिवस घेतलं नाही. ठिपकी. घे, लिहून टाकलं.

सोबत तिचं पान आहे. बाबा आंघोळीला गेले तेव्हा मागच्या फांदीचं तोडलं. बाहेर येऊन त्यांनी पहिलं तेच विचारलं, "पान कुणी तोडलं?" मी म्हणालो, बकरी आली होती. गेट बंद होतं. बाबा गेटकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि आत गेले. मला या वयात खोटं बोलायला लावलंस, आणि तेही बकरीच्या नावावर.

तुला आठवतं का मला माहीत नाही, पण आई या घरात आली तेव्हा हिची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आली होती. तिच्या आईच्या अंगणातली. बी पेरलं तर ठिपके येत नाहीत, काडीच लावावी लागते, म्हणून आईने आयुष्यभर काड्या वाटल्या. रोपं घ्यायला आलेला माणूस हिची काडी फुकट घेऊन जायचा. आज आपल्या रस्त्यावर जवळपास प्रत्येक गेटाशी आईची ठिपकी उभी आहे.

आई गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. विमानं, रजा, सगळं मला समजतं, मी तेव्हाही काही बोललो नाही. तू गेटातून आत आलीस आणि माणसांकडे न जाता आधी त्या झाडापाशी गेलीस, एवढंच मला आठवतंय. म्हणून सांगतो, नुसता संशय नको. पक्कं काय ते सांग. बाबांसमोर मला उद्या उभं राहायचं आहे.

दादा

•

२० जून

दादा,

उशीर झाला. क्लोन बनवायला वेळ लागतो, दोनदा फसला. आता झालंय.

ठिपकीतला विषाणू आणि मिरचीतला विषाणू जवळजवळ एकच आहेत. थोडीशी अक्षरं इकडची तिकडे, सख्ख्या बहिणी म्हण. ठिपकीतल्याचा क्लोन मी आधी होयबाला दिला. तिची नवी पानं पिवळ्या ठिपक्यांची आली. मग मिरचीला दिला. मला मनापासून वाटत होतं की मिरचीला काही होऊ नये. रोज सकाळी काचघरात जाताना मी चक्क नवस बोलल्यासारखं पुटपुटत होते, कोणी ऐकलं असतं तर माझी पदवी काढून घेतली असती. पण मिरचीची पानं वाटीसारखी वळली. तू पाठवली होतीस तशीच.

ठिपकीच आहे, दादा.

आणि ते ठिपके हा तिचा रंग नाही. तो तिचा रोग आहे. आईने आणली तेव्हापासून ती आजारीच होती. आपण सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं तो रोग काड्या करून वाटला.

ती मुळासकट काढून जाळावी लागेल. रस्त्यावरच्याही काढायला हव्यात, नाहीतर आपली एकच काढून काय उपयोग. बाबांना कसं सांगायचं ते तू बघ, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. माझं नाव सांग. भिंगरी म्हणते म्हणून सांग. रागवायचं असेल तर माझ्यावर रागावू देत, मी लांब आहे.

तुझी
भिंगरी

•

६ जुलै

भिंगरे,

सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

चष्मा काढून बसले होते. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "भिंगरीने स्वतः पाहिलं?" मी म्हणालो, हो, तिच्या डोळ्यांनी. म्हणाले, "मग झालं. ती उगीच नाही बोलायची."

सकाळी मी उठलो तर कुदळीचा आवाज येत होता. मला हात लावू दिला नाही. मूळ गेटच्या खांबाखाली गेलं होतं, तेही उकरून काढलं. मागच्या मोकळ्या जागेत जाळलं आणि शेवटची फांदी जळेपर्यंत तिथेच उभे राहिले. ओलं झाड लवकर जळत नाही.

मला वाटलं संपलं. पण ते आत आले, शर्ट बदलला आणि निघाले. आईने ज्यांना ज्यांना काडी दिली होती, त्या प्रत्येकाच्या दारात गेले. "आमच्याकडून गेलेलं आहे, आम्हीच काढून नेतो," असं म्हणायचे. लोकांना आधी वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. घड्याळवाल्याने मुकाट्याने काढून दिलं. निवृत्त हेडमास्तरांनी दोन तास वाद घातला आणि मग स्वतःच कुऱ्हाड आणली. कोपऱ्यावरची शिंपीण मात्र ऐकेना. म्हणाली, "तुमच्या बायकोने माझ्या हातात दिलंय, तिच्याच हातात परत देईन." बाबा तिच्या गेटाबाहेर उभे राहिले. उन्हात. शेवटी तिनेच रडत रडत उपटलं आणि त्यांच्या अंगावर टाकलं. ते खांद्यावर मातीसकट घेऊन घरी आले.

मी नंतर विचारलं, तुम्ही का गेलात, मी गेलो असतो. म्हणाले, "माझ्या मुलीने शोधून काढलंय. लोकांना सांगायला मीच जायला हवं." त्यात थोडा अभिमान होता, भिंगरे. तुला सांगायला हवं म्हणून सांगतो.

आता गेटपाशी खड्डा आहे. मी भरला, तरी दिसतो. चहा ते आता मागच्या दारी घेतात. गेटकडे फिरकत नाहीत.

दादा

•

११ ऑक्टोबर

दादा,

मधे पत्र लिहिलं नाही, कामात होते. एक विचारायचं होतं. ठिपकीची एखादी काडी कुठे शिल्लक आहे का? रस्त्याच्या पलीकडे, कोणाच्या परसात, कोणी लपवून ठेवली असेल तर? वाळकी चालणार नाही, जिवंत हवी. एका प्रयोगासाठी पाहिजे.

नवी पेरणी कशी आहे? बाबा?

भिंगरी

•

२९ ऑक्टोबर

भिंगरे,

काडी नाही. बाबा काम अर्धवट करत नाहीत, हे तुला माहीत आहे. मी पुन्हा सगळीकडे फिरलो. शिंपिणीने मला दारातच उभं केलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. रस्त्यावर ठिपकीचं एक पान उरलेलं नाही.

तू प्रयोगासाठी म्हणून लिहिलंस. तुझ्या पत्रात थट्टा नव्हती, तेव्हाच मला कळलं. मग मीही लपवत होतो ते लिहितो.

ठिपकी काढल्यावर शेडमध्ये नवं बी पेरलं. ऑगस्टमध्ये पानं पुन्हा वळली. तशीच, वाटीसारखी. बाबांनी माझ्या आधी पाहिलं. ट्रे हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मी बाजूला जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाले, "भिंगरीला कळवू नकोस. ती तिकडे एकटी आहे."

त्यांना तेव्हाच कळलं होतं. ज्या झाडाचा काही दोष नव्हता, ते आपण त्यांच्या हाताने जाळायला लावलं. आणि ते दोन महिने तुला जपत बसले.

मी काडीचं विचारलं तेव्हा आत जाऊन एक डबी घेऊन आले. ठिपकीचं बी आहे, आईने काढून ठेवलेलं. म्हणाले, "पाठवून दे. पण तिला सांग, बियाला ठिपके येत नाहीत. तुझ्या आईने करून पाहिलं होतं, सगळी हिरवीच आली. ती म्हणाली, ही आपली नव्हेत." अर्धं बी तुला, अर्धं त्यांनी ठेवून घेतलं.

आता खरं काय ते लिही. काहीही असो.

दादा

•

१२ नोव्हेंबर

दादा,

लिहिते.

आमच्याकडे आठवड्याला एकदा सगळे बसून आपापलं काम सांगतात. ऑगस्टमध्ये मी ठिपकीचं सांगितलं, चांगलं सांगितलं, फोटोंसकट. माझ्या मॅडम शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. पण माशीला विचारलंस का?"

मी नव्हतं विचारलं.

क्लोन मी सिरिंजने आत ढकलला होता. मिरची आजारी पडली, म्हणजे विषाणू मिरचीत शिरला तर रोग होतो, एवढंच सिद्ध झालं. पण तुमच्या शेडमध्ये कोणी सिरिंज घेऊन फिरत नव्हतं. तिथे माशी हवी. ठिपकीच्या पानावर बसलेली माशी तो विषाणू उचलते का, हे मी बघितलंच नाही. हमालाने सामान घरात टाकलं आणि मी म्हटलं पाहुणा स्वतः चालत आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे समजावून सांगते.

मग मिरचीतल्या विषाणूचाही क्लोन केला. दोन्ही क्लोन दिलेल्या झाडांवर माश्या सोडल्या आणि त्याच माश्या निरोगी मिरच्यांवर नेल्या. मिरचीच्या विषाणूने जवळजवळ सगळ्या रोपांना गाठलं. ठिपकीच्या विषाणूने एकालाही नाही. पुन्हा केलं. पुन्हा एकही नाही. मला जी अक्षरं इकडची तिकडे वाटली होती, ती विषाणूच्या वरच्या कवचात आहेत. माशी त्याला तिथेच धरते. ठिपकीचा विषाणू तिला आता धरताच येत नाही. इतकी वर्षं तो काडीतून काडीत गेला, आईच्या हातातून लोकांच्या हातात, त्याच्या आधी आजीच्या. माशीची त्याला गरजच पडली नाही, म्हणून तो तिच्यावर बसायचं विसरून गेला. ठिपकी आजारी होती, पण तिने कोणालाही आजारी केलं नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं. आणि चोर कुठे होता ते तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. बाहेरून आणलेले ट्रे. त्यांच्यातून तो आला आणि शेडमधल्या गवतात राहिला. मी ते वाचलं, तुझी थट्टा करायची म्हणून लक्षातही ठेवलं, आणि सोडून दिलं. मला आधीच ठिपकी दिसली होती.

शेड पूर्ण रिकामी कर. एकही हिरवं पान ठेवू नकोस, गवतसुद्धा, आणि महिनाभर तशीच राहू दे. माशी उपाशी मरेल. मग बारीक जाळी लाव, आतलंच बी पेर. मिरची वाचेल, हे मी आता विचारून सांगते आहे.

शिंपिणीच्या दारात उन्हात उभे असलेले बाबा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. मला जेवण जात नाही, दादा. पण एक गोष्ट आहे. ठिपकीच्या विषाणूचा क्लोन माझ्या फ्रीजरमध्ये आहे. झाड जळलं, पण ठिपके आहेत. बी तू पाठवलंस. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. मी तिला परत आणू शकते.

भिंगरी

•

७ मार्च

ती. बाबा,

दादाने तुम्हाला सगळं सांगितलंय, असं त्याने कळवलं. तुम्हाला आधीपासून माहीत होतं, हेही कळवलं. माफी मागायला मला शब्द सुचत नाहीत, म्हणून फोटो पाठवते.

तुम्ही दिलेलं बी उगवलं. आई म्हणाली तशी सगळी हिरवी आली. त्यातल्या एका रोपाला मी क्लोन दिला. बरेच आठवडे काही झालं नाही, मी आशा सोडली होती. मग वरच्या पानावर देठाजवळ एक पिवळा ठिपका आला, पुढच्या पानावर चार, आणि त्याच्या पुढचं पान तर तुम्ही बघाच. फोटो नीट उजेडात बघा. ती ठिपकी आहे, बाबा. आईची. आम्ही तिला मारलं आणि मी परत आणलं.

इथला एक नियम आहे. क्लोन दिलेलं रोप काचघराच्या दाराबाहेर जाऊ शकत नाही. पण माणूस आत येऊ शकतो. प्रयोग एप्रिलच्या मध्याला संपेल, तोवर ती आहे. दादा तिकीट काढेल. तुम्ही या. पांढरा कोट घालावा लागेल, बाकी काही नाही. तिच्याजवळ खुर्ची ठेवते. चहा मात्र बाहेर प्यावा लागेल.

या ना, बाबा.

तुमची
भिंगरी

•

२५ मार्च

चि. भिंगरी हिस,

आशीर्वाद. फोटो मिळाला. तुझ्या दादाने मोठा करून आणला. उजेडात पाहिला. ठिपके तेच आहेत. तुझं काम चोख आहे, त्यात मला शंका कधीच नव्हती. चूक कोणाचीही होते. मी तुला दोष देत नाही आणि तूही देऊ नकोस. जेवत जा.

मी येणार नाही. राग म्हणून नाही. कारण लिहितो, मला लिहायला वेळ लागला.

तुझ्या पत्रात तू लिहिलं होतंस की ते ठिपके म्हणजे रोग होता. झाड काढण्याचं दुःख झालं ते झालं, पण मला ते वाक्य जास्त लागलं. तुझ्या आईने आणि मी इतकी वर्षं सकाळी त्या झाडापाशी उभं राहून म्हटलं, काय सुंदर दिसतंय. तिला तर त्याच्यापुढे कुठलं फूल आवडायचं नाही. ते आजारी होतं आणि आम्ही त्याला सुंदर म्हणत होतो.

शेवटच्या वर्षात तुझी आई बारीक झाली. चेहरा उतरला, रंग उजळ दिसायला लागला. येणारे जाणारे म्हणायचे, वयाच्या मानाने किती छान दिसता. तीही हसायची. मी रोज बघत होतो. मीही म्हणालो, छान दिसतेस. एकदा नाही, पुष्कळदा म्हणालो. डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. हे मी तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही.

तू माझ्यासाठी एका हिरव्या रोपाला आजारी केलंस. का केलंस ते मला समजतं. पण ते बघायला मी येऊ शकत नाही. मला ते बघून पुन्हा सुंदर वाटेल, त्याची भीती वाटते.

राहिलेलं बी मी कुंडीत पेरलं होतं. एक रोप आलं आहे. हिरवंगार आहे, वाढतंही जोरात. तुझी आई असती तर तिने उपटून टाकलं असतं, आपलं नव्हे म्हणून. मी ठेवलं आहे. अजून त्याच्याशी बोलणं जमत नाही, पाणी घालतो.

मिरची सुधारली. दादा जाळी लावून बसला आहे.

तुझे
बाबा

•

१६ एप्रिल

ती. बाबा,

प्रयोग काल संपला.

इथे प्रयोग संपला की रोपं वाफेच्या यंत्रात घालतात. मोठा प्रेशर कुकरच म्हणा, दार बंद झालं की आतलं काहीच जिवंत राहत नाही. एरवी ते काम काचघराचा मदतनीस करतो. मी म्हटलं, हे मी करते. तुम्ही दादाला हात लावू दिला नाहीत, तसा मीही त्याला लावू दिला नाही.

पिशवीत ठेवण्यापूर्वी तिच्याकडे बघत बसले. खोटं कशाला बोलू, बाबा, सुंदर दिसत होती. मला तुमचं पत्र पाठ झालंय, तरीही सुंदरच दिसत होती. तुम्ही आईला छान म्हणालात, कारण ती तुम्हाला तशीच दिसत होती. यात तुमचा गुन्हा काय तो मला सापडला नाही, आणि शोधणं हीच माझी नोकरी आहे. पण माझं निदान एकदा चुकलंय, म्हणून आग्रह करत नाही.

एक पान खिशात टाकावं असं मनात आलं. टाकलं नाही. दार लावलं. आतून वाफेचा आवाज यायला लागला तेव्हा मी जिन्यात जाऊन बसले आणि खूप रडले. आई गेली तेव्हा इतकं रडले नव्हते. तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचले, सगळं आवरून झालं होतं, रडायला काही समोरच नव्हतं. म्हणून झाडापाशी गेले होते.

क्लोनची नळी फ्रीजरमध्ये आहे. ती तिथेच राहील, तिच्यावर नुसता नंबर आहे. पुन्हा कोणत्याही रोपाला देणार नाही.

मला रजा मिळाली आहे. पुढच्या शनिवारी सकाळी पोचते. या वेळी हातात काही घेऊन येत नाही, पान नाही, काडी नाही, फोटोही नाही. आधी शिंपीणबाईंकडे जाईन. त्यांनी दारातच उभं केलं, तर उन्हात उभी राहीन. मग घरी.

तुम्ही गेटकडे येत नाही, हे दादाने कळवलंय. मी आत येते तेव्हा तिथे कोणी नसेल, तर मला कुठे जाऊन उभं राहायचं ते कळणार नाही. त्या दिवशी चहा गेटपाशी घ्याल का? ती हिरवी कुंडी सोबत आणलीत तरी चालेल. बोलायचं काहीच नाही. नुसते उभे राहा.

तुमची
भिंगरी